विश्लेषण : अक्षरांच्या गेममध्ये वाशिम कसे उभारता येईल? जुन्या ‘एरिया एडिटर’ला नव्या अटी कशा जोडतात?

ना चित्रे, ना आवाज. पडद्यावर फक्त मजकूर आणि खेळाडूने टाइप केलेल्या आज्ञा. ‘मड’ म्हणजे ‘मल्टी-युजर डंजन’ प्रकारच्या अनेक जुन्या गेमचा कोड आजही मोफत मिळतो आणि साध्या संगणकावर चालतो. त्यात आपले वाशिम उभारायचे तर नकाशा तयार करणे सोपे आहे. तिथल्या पात्रांना परिस्थिती पाहून वागायला शिकवणे मात्र अवघड.

हे गेम आले कुठून?

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी पहिला ‘मड’ लिहायला घेतला. रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. कोपनहेगन विद्यापीठातील पाच जणांनी लिहिलेला ‘डिकूमड’ १९९१ मध्ये खुला झाला. सी भाषेतील त्याच कोडवरून ‘मर्क’ आणि पुढे ‘रॉम’ तयार झाले.

एरिया एडिटरचे काम काय?

या गेममधील जग ‘एरिया’ फाइलींमध्ये साठवलेले असते. प्रत्येक खोली, पात्र आणि वस्तूला क्रमांक असतो. पूर्वी या फाइली हाताने लिहाव्या लागत. ‘ओएलसी’ म्हणजेच ऑनलाइन क्रिएशन आल्यावर गेम चालू असतानाच ‘पद्मतीर्थ’ नावाची खोली तयार करून तिला ‘बालाजी मंदिर’ जोडणे शक्य झाले.

अट म्हणजे काय?

पात्रांच्या छोट्या स्क्रिप्टला ‘मॉबप्रॉग’ म्हणतात. खेळाडू आला, बोलला किंवा त्याने वस्तू दिली की ती चालते आणि ‘जर-तर’ तपासते. खेळाडूची पातळी, पैसे, जवळची वस्तू, गेममधील तास अशा अटी ‘रॉम’साठी तयार मिळतात.

वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिमला सापडला होता. समजा, खेळाडूने ‘वत्सगुल्म’ हे शहराचे जुने नाव आधी उच्चारले असेल, तरच वाटाड्याने त्याला ताम्रपटाची जागा सांगायची आहे. अशी आठवण तपासणारी अट स्वतः जोडावी लागते.

ती कशी जोडतात?

आधी खेळाडूच्या सेव्ह फाइलमध्ये या आठवणीसाठी जागा करावी लागते. दुसऱ्या टप्प्यात अटींच्या यादीत नवे नाव टाकायचे. ते यादीच्या शेवटी, समाप्तीच्या खुणेच्या आधी टाकावे. मध्येच घुसवले तर पुढच्या अटींचे क्रमांक सरकतात आणि जुन्या एरियातील स्क्रिप्ट भलतेच तपासू लागतात. तिसऱ्या टप्प्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर देणारा कोड लिहायचा.

अटीने फक्त उत्तर द्यावे, गेममध्ये काही बदलू नये. खेळाडू मध्येच बाहेर पडला असेल, तर तो आहे का हे आधी तपासावे. ही एक ओळ राहिली तर एका स्क्रिप्टमुळे सगळ्यांचाच गेम बंद पडू शकतो.

मराठीसाठी अडचण कुठे?

‘मर्क’ आणि ‘रॉम’च्या मूळ कोडमध्ये टाइप केलेले प्रत्येक चिन्ह ‘आस्की’ संचातील आहे का, हे तपासले जाते. देवनागरी त्यात बसत नाही आणि कोणतीही सूचना न देता गाळली जाते. त्यामुळे खेळाडूने ‘वत्सगुल्म’ लिहिले तरी वाटाड्यापर्यंत काहीच पोहोचत नाही आणि अट बिनचूक असूनही उत्तर कायम ‘नाही’ येते. नवी अट लिहिण्याआधी ही तपासणी सैल करावी लागते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे मजकुराची लांबी मोजणारा कोडही पाहावा लागतो.

काय लक्षात ठेवावे?

बदल नेहमी एरिया आणि सेव्ह फाइलींच्या प्रतीवर करून पाहावेत. ‘डिकू’च्या मूळ परवान्यानुसार या कोडमधून नफा कमावता येत नव्हता आणि मूळ लेखकांची नावे कायम ठेवावी लागत होती.