एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार उचलणारे विद्युतचुंबक मी पुष्कळदा पाहिले आहे. वीज सुरू होताच लोखंड वर जाते, पितळ खालीच राहते. लोखंडाच्या या गुणाचे मूळ मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये आहे. मराठीत त्याला ‘परिवलन’ म्हणतात. मला तो शब्द फसवा वाटतो, कारण इलेक्ट्रॉन काही भोवऱ्यासारखा फिरत नसतो. त्याचे चुंबकत्व अंगचेच असते, आणि मोजायला गेले की दोनच उत्तरे मिळतात: चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने किंवा उलट.

लोखंड उचलले जाते ते असंख्य इलेक्ट्रॉनांच्या एकजुटीने. एकट्याचे चुंबकत्व इतके क्षीण, की ते थेट मोजणे फार कठीण. मग त्याचा स्पिन वाचायचा कसा?

यासाठी आधी इलेक्ट्रॉनला कोंडावे लागते. अर्धवाहकावर बारीक धातूपट्ट्या बसवून त्यांना विद्युतदाब दिला, की मध्ये नॅनोमीटरांत मोजावी अशी जागा बंदिस्त होते. हा क्वांटम डॉट. त्यात इलेक्ट्रॉनला शिडीच्या पायऱ्यांसारख्या ठरावीकच ऊर्जा मिळतात. पण हे कुंपण पक्के नसते. ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडू शकतो, हेच टनेलिंग. शेताच्या बांधातून पाणी पाझरते तसे म्हणावे, तर पाणी थोडे थोडे पाझरते. अर्धा पाझरलेला इलेक्ट्रॉन कधी सापडत नाही.

2002 साली कॉर्नेल विद्यापीठातून मंदार देशमुख आणि डॅन राल्फ यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या डॉटमधील सुट्या ऊर्जापातळ्या स्पिनच्या चाळणीसारख्या वापरल्याचे प्रसिद्ध केले. लोहचुंबकी धातूतून कोणत्या स्पिनचे इलेक्ट्रॉन किती वेगाने टनेल होतात, हे त्यातून कळले. देशमुख पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पण ते मोजमाप विद्युतप्रवाहाचे, म्हणजे अनेक इलेक्ट्रॉनांच्या सरासरीचे होते.

एकट्याचा स्पिन एकाच वाचनात ओळखला तो 2004 मध्ये, नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने, गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये. युक्ती मला फार आवडते. चुंबकीय क्षेत्रात दोन स्पिनांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची भरलेली पातळी त्या दोहोंच्या बरोबर मधोमध आणायची. वरच्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन टनेल होऊन निघून जातो आणि त्याच्या जागी खालच्या ऊर्जेचा येतो. मुळात खालच्या ऊर्जेचा असेल, तर जागचा हलत नाही. शेजारच्या अरुंद वाटेतून वाहणारा प्रवाह डॉट रिकामा होताच क्षणभर बदलतो. म्हणजे मोजला जातो विद्युतभार, कळतो स्पिन.

घाई मात्र करावी लागते. 8 टेस्ला क्षेत्रात त्यांना वरच्या स्पिनचा टिकाव सुमारे 0.85 मिलिसेकंद आढळला. त्याआधी वाचन झाले नाही, तर इलेक्ट्रॉन आपसूक खाली उतरतो.

संगणकाचा अंक म्हणून हाच स्पिन वापरावा, असे लॉस आणि डिव्हिन्चेंझो यांनी 1998 मध्येच सुचवले होते. त्यासाठी गॅलियम आर्सेनाइड अडचणीचे ठरते, कारण त्यातील प्रत्येक अणुकेंद्रकालाही स्वतःचा स्पिन असतो आणि त्यांचा गलबला इलेक्ट्रॉनला स्वस्थ बसू देत नाही. सिलिकॉन-28 च्या केंद्रकाला स्पिनच नाही. म्हणून पुढे अनेक प्रयोगशाळा शुद्ध केलेल्या सिलिकॉनकडे वळल्या.