जुन्या खुनाचा नवा तपास

एडवणसारख्या किनाऱ्यावरील गांवींही रहस्यकथांचीं पुस्तकें हातोहात फिरतात. त्यांतील एक कथानक आमच्या बालवाचकांस विशेष प्रिय आहे: वीस-तीस वर्षांपूर्वीं झालेल्या खुनाचे कागद एखादा वकील पुन्हां उघडतो आणि शेवटच्या प्रकरणांत खरा खुनी उभा करितो. प्रत्यक्षांत हें काम कसें चालतें, तें आम्ही एका उदाहरणानें सांगतों.

महात्मा गांधींचा खून ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत झाला. १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस फांशी झाली व प्रकरण मिटलें असें वाटलें. परंतु १९६४ सालीं जन्मठेपेचे कैदी सुटले, तेव्हां पुण्यांतील एका समारंभांत लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर हे, गोडसे यांचा बेत आपणांस आधींच ठाऊक होता, असें बोलून गेले. देशभर गहजब उडाला. १९६५ त सरकारनें गोपाळ स्वरूप पाठक या वकिलांस चौकशीस नेमिलें. ते मंत्री झाल्यावर १९६६ त हें काम निवृत्त न्यायमूर्ति जीवनलाल कपूर यांजकडे आलें.

खुनी कोण, हा येथें प्रश्नच नव्हता. कटाची बातमी आधीं कोणास होती, ती सरकारास कळविली काय, आणि सरकारनें काय केलें, एवढेंच पाहावयाचें होतें. कादंबरींतल्या वकिलास हवा तो साक्षीदार जिवंत सांपडतो! येथें सरदार पटेल १९५० त आणि मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर १९५७ त निवर्तले होते. त्यांस विचारणार कोण? म्हणून भिस्त जुन्या कागदांवर. कपूर यांनीं १०१ साक्षीदार व ४०७ कागद तपासले.

त्यांतील एक साक्ष वाचतांना आमचें मन फार अस्वस्थ झालें. मुंबईच्या रुइया कॉलेजांतील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांस मदनलाल पाहवा यानें आधींच कटाविषयीं सांगितलें होतें. त्यांस ती नुसती बढाई वाटली. २० जानेवारीस त्याच मदनलालनें बिर्ला भवनांत स्फोट केला, तेव्हां प्राध्यापकमहाशय दुसऱ्याच दिवशीं खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांजकडे धांवले. इकडे दिल्लींत मदनलालच्या जबानींत एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. मुंबई इलाख्यांतील वृत्तपत्रांच्या सरकारी यादींत त्या संपादकाचें नांव छापलेलें होतें: गोडसे. ती यादी त्या दहा दिवसांत कोणी चाळली नाहीं. १९६९ सालीं सादर झालेल्या अहवालांत कपूर यांनीं पोलिसांच्या या ढिलाईवर कडक ताशेरे ओढले आहेत.