घरोघरची खबर

देवणी आज लातूर जिल्ह्यातला तालुका आहे. पूर्वी हा भाग उदगीर तालुक्यात होता आणि 1956 पर्यंत उदगीर होते हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात. इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा विचार करताना म्हणूनच नजर आधी नगरकडे नव्हे, बीदरकडे वळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे अमेरिकी मेथडिस्ट मिशन रुजले आणि आसपासच्या खेड्यांत, प्रामुख्याने दलित वस्त्यांत, उपासना सुरू झाल्या. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हाही हे मेथडिस्ट त्याबाहेर राहिले. 2011 च्या जनगणनेत लातूर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. एवढ्याशा समाजात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेव्हा प्रेम आपोआप असणारच, असा समज सहज होतो. मला तो मान्य नाही. ओळख आणि काळजी यांत पुष्कळ अंतर असते. मंडळी प्रेमळ ठरते ती कोणाच्या घरी काय अडले आहे हे वेळेवर कळण्याची आणि त्यावर काही करण्याची बांधलेली रीत तिच्यापाशी असेल तर. ती रीत नसेल, तर गोड प्रवचनानेही भागत नाही.

मेथडिस्ट परंपरेचा उगमच याची साक्ष देतो. 1742 साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की, सुमारे बारा जणांचा एक गट करावा, गटप्रमुखाने दर आठवड्याला घरोघर जावे आणि ज्याला पेनी जमत नाही त्याची स्वतः भरावी. वसुलीसाठी हिंडणाऱ्या या माणसांना घरांतली भांडणे, दारू, आजारपण दिसू लागले. वेस्लींनी त्यातले मर्म ओळखले आणि हिशेबाची ही सोय माणसे सांभाळण्याची व्यवस्था झाली. नव्या करारातही हेच दिसते. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत, रोजच्या वाटपात आपल्या विधवा डावलल्या जातात अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली. प्रेषितांनी समजुतीचे चार शब्द सांगून बोळवण केली नाही. सात जण निवडून वाटप त्यांच्या हाती दिले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलीच माणसे कारभारी झाली. आपल्याकडच्या किती पंचकमिट्यांना हे जमेल?

आपल्याकडे त्या ग्रीक-हिब्रू भेदाच्या जागी जात होती, आणि ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. तिथे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार वस्त्यांतले. एका गावात, एका विहिरीवर, एका प्रभुभोजनाला सगळ्यांनी यायचे, हे त्या काळच्या मराठवाड्यात साधे नव्हते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या त्या सोवळे घेऊनच. वेगळ्या शिजवत, वेगळ्या जेवत. त्यांचे मन वळायला वेळ लागला, तो त्यांना मिळाला, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे निर्मळपणे लिहून ठेवले. सक्तीने एका ताटात बसवण्यापेक्षा ही वाट लांबची, पण टिकणारी. तरीही डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीबद्दल लिहिताना ठेवलेला ठपका खोटा म्हणता येत नाही. जात ख्रिस्ती समाजात शिल्लक राहिली, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध तो समाज फारसा उठला नाही. सोयरीक जुळवताना पोटजात विचारणाऱ्या मंडळीने प्रीतिभोजनाच्या पंगतीचा डौल मिरवू नये.

दुसरा आक्षेप जुना आहे: ही माणसे मिशनच्या धान्यासाठी आली, मग कसले प्रेम? दुष्काळात मिशनच्या दारी माणसे गेली, हे खरे. उपाशी माणूस भाकरीकडे गेला यात लाजण्यासारखे काही नाही. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती दलितांना मिळेनाशा झाल्या, आणि त्या आजही मिळत नाहीत. उघडपणे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या दलित कुटुंबाला तेव्हापासून श्रद्धेची किंमत मोजावी लागते आहे. लोभाचे कारण तिथे लागू पडत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी जो बाप कागदावर जुनीच नोंद ठेवतो, त्याला दुबळ्या विश्वासाचा म्हणून हिणवणे मला निर्दयपणाचे वाटते. त्याला सामावून घेण्यातच मंडळीची खरी परीक्षा आहे. आणि मिशनच्या पैशावर विसंबण्याबद्दल म्हणाल, तर टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र बंधुसंघ मांडला. परक्या पैशाखाली आपली बंधुता खुरटते, हे त्यांना आतूनच उमगले होते.

आजची गरज कुठे आहे? मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे नाताळ नेमका त्या हंगामात येतो. मंडळीतला सगळ्यात गरीब 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा कुठल्याशा फडात असतो. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. त्या घरांत आठवड्यातून एकदा कोण डोकावतो, औषध कोण आणून देतो, हे नाव घेऊन ठरलेले असायला हवे. त्याहून आधी, मुकादमाची उचल कोणी कशासाठी घेतली हे वडीलवर्गाला ठाऊक हवे, कारण पुष्कळदा कारण दवाखान्याचे किंवा लग्नाचे असते. नाताळच्या सजावटीची वर्गणी डिसेंबरऐवजी सप्टेंबरमध्ये गोळा करून त्यातून बिनव्याजी हातउसने देता येईल. कोणी म्हणेल, मंडळी म्हणजे पतसंस्था नव्हे. वेस्लींनी 1746 मध्ये लंडनमध्ये नेमके हेच केले होते: गरजूला वीस शिलिंगांपर्यंत उसने द्यायचे आणि त्याने ते दर आठवड्याला थोडे थोडे करून तीन महिन्यांत फेडायचे. निधी होता तीस पौंडांच्या आसपास, आणि दीड वर्षात अडीचशेच्या वर माणसांची नड त्यातून भागली.