इंजिन बदललं, विमान बिथरलं!

'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९ चा सिनेमा कधी पाहिलात, तर त्यातल्या जर्मन मेसरश्मिट विमानांच्या नाकाकडे नीट बघा. हनुवटी जरा जास्तच सुटलेली दिसेल. ती विमानं होती स्पेनमध्ये बनलेली आणि आत होतं रोल्स-रॉइसचं मर्लिन. म्हणजे चक्क शत्रूच्या स्पिटफायरचं इंजिन! जर्मनीहून स्पेनला सांगाडे मिळाले होते, इंजिनं आलीच नाहीत. मग काय करणार? फुगीर नाकामुळे विमानाचं नाव पडलं 'बुचोन'. छाती फुगवणाऱ्या कबुतराची ती एक जात.

खरी गंमत पुढेच आहे. १९३५ मध्ये बीएफ १०९ चा पहिला नमुना उडाला, तोही रोल्स-रॉइसच्याच केस्ट्रेल इंजिनावर. युंकर्सचं जर्मन इंजिन तेव्हा तयारच नव्हतं.

विमानाला खरी साथ दिली ती डायमलर-बेंझने. त्यांचं इंजिन चक्क उलटं, म्हणजे सिलिंडर खाली लटकलेले. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं. त्यामुळे एकदम नाक खाली करून सूर मारला तरी ते बंद पडत नसे. सुरुवातीच्या मर्लिनचा कार्बुरेटर नेमका तिथेच दगा द्यायचा.

युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात हीच विमानं बनू लागली, पण डायमलरची इंजिनं आगीत गेली. हाताशी होतं बॉम्बर विमानाचं युमो २११. बसवलं तेच. कागदावर ताकद फार कमी नव्हती हो, पण इंजिन जड आणि पंखा रुंद पात्यांचा. धावपट्टीवर वेग घेताना विमान एका बाजूला ओढ घ्यायचं, उतरतानाही तीच कटकट. वैमानिक वैतागून त्याला 'मेझेक' म्हणू लागले, म्हणजे खेचर. लढाऊ विमानाला नुसती ताकद पुरत नाही, ती त्याच्या अंगाला बसावी लागते, हे या खेचराइतकं कुणीच स्पष्ट दाखवलं नसेल.

तरी त्याला गिऱ्हाईक मिळालं. १९४८ मध्ये शस्त्रबंदीत अडकलेल्या इस्रायलने अशी २५ विमानं घेतली. हिटलरचा पाडाव होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि ज्यू वैमानिक मेसरश्मिटच्या वंशातल्या विमानात बसत होते. २९ मे रोजी चार खेचरं इजिप्तच्या फौजेवर तुटून पडली. त्या चौघांतला एक वैमानिक होता एझर वाइझमन. पुढे तो इस्रायलचा राष्ट्राध्यक्ष झाला.