शेअर रजिस्टरमधलं नाव : तीस दिवस, साठ दिवस की तीन वर्षं?

अब्बांचा इंतेकाल झाला की आपण सातबारा बघतो, घराचा फेरफार करतो, बँकेत चकरा मारतो. त्यांनी भावांबरोबर काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतले शेअर मात्र मागे राहतात. ‘घरचीच कंपनी आहे, चाचा बघतील’ म्हणून विषय संपतो. पण कंपनी शेअरहोल्डर मानते ते सभासदांच्या रजिस्टरमध्ये नाव असलेल्यालाच. मीटिंगची नोटीस त्याला, मतही त्याचंच.

म्हणून वारसांची नावं लावण्याचा लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही, कारण मुदत मोजायची ती या पोचेवरच्या तारखेपासून.

कंपनीला नाव लावायचं नसेल तर तिने ३० दिवसांत कारणासह कळवायला हवं. तशी नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे अपील करायचं. कंपनी गप्पच बसली तर अर्ज पोचल्यापासून ६० दिवस. पब्लिक कंपनी असेल तर नकारानंतर ६०, उत्तरच नसेल तर अर्ज पोचल्यापासून ९० दिवस. हे सगळं कंपनी कायदा २०१३, कलम ५८ मध्ये आहे. ‘ईदनंतर बसून बोलू’ म्हणता म्हणता साठ दिवस कसे जातात, हे आपण जाणतोच.

दुसरा प्रकार जास्त गुंतागुंतीचा. नाव रजिस्टरमध्ये होतं आणि विनाकारण काढलं, किंवा खोट्या सहीने शेअर दुसऱ्याच्या नावावर गेले. त्यासाठी कलम ५९ आहे, आणि त्यात मुदत लिहिलेलीच नाही. जुन्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम १११ए मध्ये दोन महिने होते. मुदत लिहिली नाही म्हणजे कधीही जाता येतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कलम ४३३ मुळे १९६३ चा मुदतीचा कायदा इथेही येतो, आणि त्यातल्या अनुच्छेद १३७ प्रमाणे तीन वर्षं धरली जातात. फसवणूक असेल तर ती लक्षात आल्यापासून. पण ‘थोडी चौकशी केली असती तर आधीच कळलं असतं’ असं समोरचा वकील म्हणणारच, कारण कंपनीचं वार्षिक विवरणपत्र एमसीएच्या संकेतस्थळावर फी भरून कुणालाही बघता येतं.

दरवर्षी स्मरणपत्र पाठवलं की मुदत वाढते, हाही गैरसमज. मुदत संपायच्या आत कंपनीने सहीनिशी लेखी तुमचा हक्क कबूल केला, तर गोष्ट वेगळी. उशीर झालाच तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते, पण मिळेलच असं नाही.

बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे, म्हणून तुमचा हिस्सा गेला असं होत नाही. नॉमिनी मालक होत नाही, मालकी वारसाहक्काच्या कायद्यानेच ठरते, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात स्पष्ट केलं. आपल्या घरांत हा हिस्सा मागायला बहिणी संकोचतात. मुदतीचा कायदा तो संकोच मोजत नाही.

कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर दाद एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाकडे मागायची. वकिलाकडे जाताना पोच, नकाराची नोटीस आणि ती आलेलं पाकीट, तिन्ही बरोबर न्या. पाकिटावरच्या टपाली शिक्क्याची तारखेसाठी मदत होते.