पेशींतले जुने पाहुणे आणि आजींची भीती

गेल्या पावसाळ्यात जुन्या शहरातील माझ्या दवाखान्यात एका आजींना त्यांची नातसून घेऊन आली. आजींचे वय ऐंशीच्या आसपास. ताप नव्हता, खोकला नव्हता, रक्तदाबही ठीक होता. तक्रार नातसुनेची होती. आजी पंधरा दिवसांपासून ओसरीवर एकट्या झोपत होत्या, त्यांनी आपले ताट-वाटी वेगळे केले होते आणि तीन महिन्यांच्या पणतूला त्या हातही लावत नव्हत्या. मी कारण विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, माह्या आंगात जुने विषाणू हायेत. तुम्हीच तं म्हनलं होतं. आता लेकराले जवळ कशी घेऊ?"

मी खरोखरच तसे म्हणालो होतो. वर्षापूर्वी आजींना नागीण झाली होती. गेरू लावून काही दिवस वाया गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या होत्या, आणि गर्दीच्या वेळी मी एका वाक्यात सांगितले होते की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपून होता, तो आता जागा झाला. वाक्य खरे होते, पण अपुरे होते. पुढे घरातील कोणाच्या तरी मोबाइलवर एक संदेश आला. माणसाच्या डीएनएचा आठ टक्के भाग विषाणूंचा असतो आणि म्हातारपणी हे विषाणू जागे होतात, असे त्यात लिहिले होते. खाली 'डीएनए शुद्ध करणाऱ्या' चूर्णाची जाहिरातही होती. आजींनी माझे वाक्य आणि तो संदेश एकत्र जोडला आणि स्वतःला घरापासून तोडून घेतले.

वाचकहो, असा संदेश आपल्यापर्यंतही पोहोचला असेल. म्हणून त्यातील खरे काय आणि भीतीचे काय, हे नीट पाहू.

बहुतेक विषाणू आपल्या शरीरात येतात, काही दिवस त्रास देतात आणि निघून जातात. रेट्रोव्हायरस नावाच्या गटाची रीत मात्र वेगळी आहे. तो पेशीत शिरला की आपला मजकूर पेशीच्या डीएनएमध्येच लिहून टाकतो. एचआयव्ही हा याच गटातला. असा विषाणू शरीरातील इतर पेशींत शिरला, तर त्याचा मजकूर त्या व्यक्तीबरोबरच संपतो. पण फार क्वचित तो स्त्रीबीज किंवा शुक्राणू ज्यांपासून तयार होतात त्या पेशींत शिरतो. मग तो मजकूर पुढच्या पिढीला जन्मतःच मिळतो आणि वंशपरंपरेने उतरत राहतो.

आपल्या पूर्वजांच्या बाबतीत हे कोट्यवधी वर्षांत अनेकदा घडले. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिने तयार करणारा भाग जेमतेम दीड टक्का निघाला, तर या जुन्या विषाणूंचे अवशेष सुमारे आठ टक्के. म्हणजे संदेशातील आकडा खरा आहे. पण अवशेष म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. नकला होता होता या मजकुरात इतक्या चुका साचल्या आहेत की त्यातून दुसऱ्याला लागण करील असा विषाणू उभा राहत नाही.

हे अवशेष पूर्वजांकडूनच आले, हे कशावरून? शेतीच्या वादात दोन चुलत घराण्यांकडे एकाच जुन्या खरेदीखताच्या नकला निघाव्यात आणि दोन्हींत त्याच ओळीत, त्याच शब्दात तीच चूक असावी, तर आपण काय म्हणतो? मूळ कागद एकच होता. नरनाळ्याच्या किल्ल्यावर किंवा मेळघाटात काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे आपण पाहिली असतील. त्यांच्या आणि आपल्या वंशाची वाट सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्याआधी घुसलेल्या विषाणूंचे अवशेष मानवात आणि वानर-माकडांत डीएनएच्या त्याच जागी सापडतात. वाटा वेगळ्या झाल्यानंतरचे पाहुणे मात्र ज्याचे त्याच्याकडे. चिंपांझी आणि गोरिला यांच्या डीएनएमध्ये एका रेट्रोव्हायरसच्या शंभराहून अधिक प्रती आहेत. माणसात त्याची एकही नाही.

हे सारे पाहुणे निरुपयोगी राहिले असेही नाही. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला आपले आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव करावे लागते, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक खास प्रथिन असते. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की अशाच एका जुन्या विषाणूचे प्रथिन आपल्या वारेत काम करते. त्याला सिन्सिटिन म्हणतात. गर्भाच्या वारेवरील पेशी त्याच्यामुळे एकमेकींत मिसळून एक सलग थर बनतो, आणि त्या थरातून आईच्या रक्तातील अन्न व प्राणवायू बाळापर्यंत जातो. याच जातीचे दुसरे प्रथिन, सिन्सिटिन-२, चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आले आणि ते वानर-माकडांतही टिकून आहे.

मग म्हातारपणी हे विषाणू जागे होतात, ही बातमी कुठून आली? जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांचे एक संशोधन 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वार्धक्य आलेल्या मानवी पेशींत आणि म्हाताऱ्या माकडांच्या अवयवांत अशा एका अवशेषाची हालचाल वाढलेली त्यांना दिसली. तरुण पेशी हा मजकूर कुलूप लावून ठेवतात. वय वाढते तसे कुलूप सैल होते. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे आणि त्यातून उद्या काही उपचार निघेलही. पण ही गोष्ट ज्याच्या त्याच्या शरीरातील पेशींची आहे. स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने ती दुसऱ्याला लागत नाही. आठ टक्के डीएनए धुऊन काढील असे चूर्ण, काढा वा गोळी अस्तित्वात नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत.

नागीण ही वेगळी बाब आहे. कांजिण्यांचा विषाणू डीएनएमध्ये लिहिला जात नाही आणि वारशाने उतरत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की खरोखर जागा होतो. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला, तर शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. औषधाचा गुण तेव्हा सर्वाधिक येतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर वा डोळ्याजवळ फोड आले, तर त्याच दिवशी जावे. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवावेत आणि तान्ह्या बाळांपासून, कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रियांपासून व कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांपासून दूर राहावे. सगळ्या खपल्या धरल्या की हे बंधन संपते. पन्नाशीनंतर घेण्याची दोन मात्रांची लस आता मिळते. तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

आजींच्या खपल्या पडून वर्ष लोटले होते. मी त्यांना हे सगळे या वेळी सावकाश सांगितले. ज्या पाहुण्यांची त्यांना धास्ती होती, त्यांतल्याच एकाच्या मदतीने त्यांची पाच लेकरे पोटात वाढली, हेही सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ते वानरं बी आपले भाऊबंदच म्हना." आणि नातसुनेच्या कडेवरच्या बाळाकडे त्यांनी हात पुढे केले.

त्या दिवसापासून वृद्ध रुग्णाला अर्धे वाक्य सांगून उठवायचे नाही, असा नेम मी केला आहे. आपणही एक करावे. घरातील वडीलधारी व्यक्ती अचानक वेगळे ताट मागू लागली, वेगळे अंथरूण घालू लागली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. जवळ बसून कारण विचारावे.