द्राक्षबागेआधी जमिनीची पारख

जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षे बाजारात आली, की लोणखेडा-शहादा परिसरातल्या शेतकरी घरांत एक विषय हमखास निघतो. तिकडे एकरात एवढे पैसे होतात, मग आपण बाग का लावू नये? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बाजारभावात शोधू नये, आपल्या शेतात शोधावे.

कापूस एका वर्षी बुडाला तर पुढच्या वर्षी दुसरे पीक घेता येते. द्राक्षाचे तसे नाही. खांब, तारा, ठिबक आणि रोपे यांवर एकरी काही लाख रुपये जातात. पहिले पीक हाती यायला साधारण दोन वर्षे लागतात आणि वेल पुढे बारा-पंधरा वर्षे त्याच जागी उभा राहतो. जागा चुकली तर कर्जाचे हप्ते चालू राहतात आणि घडांचा पत्ता नसतो.

द्राक्ष महाराष्ट्राला नवे नाही. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे. आज नाशिक, सांगली आणि सोलापूर हे जिल्हे आघाडीवर आहेत. सोलापूरजवळच्या नान्नज गावी नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण पुढे आणले. या भागांना साथ मिळाली ती पाण्याचा निचरा होणाऱ्या मध्यम जमिनीची आणि फळ पिकताना असणाऱ्या कोरड्या हवेची.

आता आपल्याकडे पाहू. शहाद्याजवळून गोमाई वाहते आणि प्रकाशा येथे तापीला मिळते. या नद्यांच्या काठची काळी, खोल जमीन कापूस, ऊस आणि केळीला मानवते. पण हीच जमीन पावसात पाणी धरून ठेवते. द्राक्षाच्या मुळांना हवा लागते. पाण्यात राहिली की ती कुजू लागतात. सातपुड्याच्या पायथ्याकडे जमीन हलकी होत जाते. तिथे निचरा बरा, पण पाण्याची शाश्वती पाहावी लागते. म्हणजे एकाच तालुक्यात दोन शेतांचे उत्तर दोन तऱ्हेचे येऊ शकते.

परीक्षा घरच्या घरी सुरू करता येते. शेतात दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डा घ्या. खाली मुरूम लागतो की चिकण काळी माती, ते पाहा. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. सकाळीही पाणी तसेच दिसले तर निचरा कमी आहे असे समजा. मग पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षार आणि चुनखडी हे तीन आकडे नीट विचारून घ्या. चुनखडी जास्त असेल तर पाने पिवळी पडतात. क्षार जास्त असतील तर पानांच्या कडा करपतात. डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केल्याने क्षार आणि पाणीटंचाई काही प्रमाणात सोसते, पण पाणी तुंबणाऱ्या जमिनीचा दोष खुंटाने जात नाही.

पाण्याचा हिशोब मे महिन्यात करावा, श्रावणात नव्हे. एप्रिल छाटणीनंतर, कडक उन्हात एकरी रोज पंधरा ते वीस हजार लिटर पाणी लागते. दोनशे लिटरचा ड्रम पंपाखाली धरा. तो एका मिनिटात भरत असेल तर पंप रोज सव्वा ते पावणेदोन तास चालला पाहिजे, आणि विहिरीत तेवढे पाणी राहिले पाहिजे. पाण्याची तपासणीही मातीबरोबरच करून घ्या.

हवेचाही विचार हवा. नाल्याकाठच्या खोलगट जागेत थंड हवा आणि दव साचते, त्यातून केवडा रोग बळावतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात मण्यांची वाढ थांबते. म्हणून थोडी उंच, हलक्या उताराची, ऊन खेळणारी जागा बरी. ओळी दक्षिणोत्तर ठेवल्या तर दोन्ही बाजूंना ऊन मिळते.

शेवटी माणसे आणि बाजार. छाटणी, विरळणी, घड बुडवणे ही कामे हात बसलेल्या माणसांची आहेत. आणि माल नाशिकला पाठवायचा तर अंतर दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ साली सुरू झालेल्या योजनेतून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना दोन एकर बागायत किंवा चार एकर जिरायत जमीन देण्याची तरतूद झाली. अशा कुटुंबाला जागा निवडायची मुभा फार नसते. म्हणून त्यांनी तर परीक्षेशिवाय खांब रोवूच नये. विहीर आणि ठिबकसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेची चौकशी पंचायत समितीत करावी, सल्ल्यासाठी नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे.

माती-पाण्याचे अहवाल आले की घरातल्या सगळ्यांनी, बायाबापड्यांसह, एकत्र बसून ते वाचावेत. कारण कर्ज एकाच्या नावावर असले तरी फेडते सगळे घर. अहवाल अनुकूल असेल तर आधी अर्ध्या एकरावर हात बसवा. प्रतिकूल असेल तर केळी, कापूस किंवा भाजीपाला घ्या. त्यात कमीपणा काही नाही. घराची दोन एकर जमीन शाबूत राहिली, तर मुलांचे शिक्षणही शाबूत राहील.